दोन भरत्यांची नदी

वाशिष्ठीला दोन भरत्या येतात. एक चंद्राची. ती दाभोळच्या मुखातून आत शिरते आणि चाळीसेक किलोमीटर डोंगरांतून वळणं घेत चिपळूणच्या गोवळकोट धक्क्यापर्यंत पोचते, उधाणाला त्याच्याही वर. दुसरी भरती उलट्या दिशेने, सह्याद्रीकडून उतरते, आणि तिचा चंद्राशी काही संबंध नाही. संध्याकाळी मुंबई-पुण्यात दिवे, पंखे, एसी सुरू होतात, राज्याची विजेची मागणी चढते, ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रातून निरोप जातो, कोयनेची यंत्रं वेग घेतात आणि त्यांच्यावरून उतरलेलं पाणी शेवटी वाशिष्ठीत येऊन पडतं. खाडीकाठच्या भोयांना पहिल्या भरतीचं गणित तोंडपाठ असतं. तिथी सांगा, ते पाण्याची वेळ सांगतील. दुसऱ्या भरतीची तिथी त्यांना कुणी कळवत नाही.

हे मला पहिल्यांदा सांगितलं ते करंबवण्याच्या बाजूला होडी चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या भोयाने. त्यांना सगळे तात्या म्हणतात, मीही तेच म्हणते. ‘‘ताय, आमच्याकडं पानी दोन. एक चांदाचं नि एक लायटीचं. चांदाचं पानी इमानी. लायटीचं कवा येल, कवा जाल, त्येचा काय नेम नाय.’’

कोयना खरं तर पूर्वेची नदी. महाबळेश्वराहून निघून कऱ्हाडला कृष्णेला मिळणारी. साठच्या दशकात तिला देशावर अडवली आणि तिचं पाणी बोगद्यांतून डोंगराच्या पोटातून पश्चिमेला, कोकणात उतरवलं. पोफळी, मग कोळकेवाडी धरण, मग अलोरे. वीजनिर्मितीची क्षमता आज १९६० मेगावॉटच्या घरात आहे आणि कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेला सोडायला परवानगी दिलेलं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. टीएमसीचा आकडा वर्तमानपत्रात वाचून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, म्हणून भागाकार करून पाहिला. वर्षभर सारखं धरलं तर दर सेकंदाला सुमारे साठ हजार लिटर. कोकणातली पश्चिमवाहिनी नदी पावसाळ्यात अंगावर येते आणि शिमग्यापर्यंत दगडागोट्यांतून वाहणारी धार होते, हा तिचा धर्म. वाशिष्ठीचा तो धर्म सुटला त्याला साठ वर्षं झाली. ऐन वैशाखात, वरच्या वाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागलेले असतात तेव्हा, खाली नदी दोन्ही थड्या भरून वाहत असते. वीज करून सुटलेल्या या पाण्याचं, अवजलाचं, काय करायचं, ते मुंबईला न्यायचं की आणखी कुठे, याचे प्रस्ताव अधूनमधून निघतात आणि फायलीत जाऊन बसतात. ते खाडीत गेल्याने खाडीचं काय होतं, हा प्रश्न त्या प्रस्तावांत मला दिसला नाही.

खाडी म्हणजे मचूळ पाण्याचं राज्य. वरून गोडं, खालून खारं, आणि दोघांच्या मधला तो सतत सरकणारा पट्टा. पावसाळ्यात गोडं पाणी खाऱ्याला पार मुखापर्यंत रेटतं. उन्हाळ्यात नदी आटली की खारं पाणी हळूहळू वर चढतं. मासे या सरकण्यावर जगतात. बोय वर येतात, तांबोशीची पिल्लं कांदळाच्या मुळांत वाढतात, कोळंबी लहानपण खाडीत काढून समुद्रात जाते, कालवं खडकाला धरून बसतात आणि पाण्याने चव बदलायची वाट बघतात. तात्यांचं म्हणणं असं, की त्यांच्या वडिलांच्या काळी उन्हाळ्यात खारं पाणी जिथवर चढायचं तिथवर आता ते चढत नाही. जिथे लहानपणी त्यांनी कोयत्याने कालवं फोडली, ते खडक त्यांनी मला ओहोटीला दाखवले. खडक आहेत. त्यांच्यावर जुन्या शिंपांचे पांढरे ठसेही आहेत.

त्याच दिवशी मी पहिली मगर पाहिली. पाहिली म्हणण्यापेक्षा, दाखवली म्हणून दिसली. मळईवर एक ओंडका होता, चिखलाच्याच रंगाचा, आणि मी त्याच्या पलीकडे बसलेल्या बगळ्याकडे बघत होते. तात्यांनी वल्हं थांबवलं. ओंडक्याचा जबडा उघडा होता. ऊन खाताना मगर तोंड उघडून बसते ते अंगातली जास्तीची उष्णता घालवायला. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण पंधरावीस हातांवरून त्या जबड्याचा आतला पिवळट-गुलाबी रंग बघताना पुस्तक आठवत नाही. दहा फूट तरी असावी. होडी प्रवाहाने आपोआप तिच्याकडे सरकत होती. तात्यांनी वल्ह्याच्या टोकाने होडीच्या काठावर एक टकटक केली, आणि ते सगळं धूड इतक्या वेगाने पाण्यात गेलं, की मळईवर फक्त पोटाचा एक गुळगुळीत चर उरला. लाट नाही, बुडबुडा नाही. त्यानंतरचा अर्धा तास माझे हात होडीच्या काठावरून आपसूक मांडीवर आले होते. तात्या हसले नाहीत. ‘‘ती आपल्याला काय करत नाय,’’ म्हणाले, ‘‘पन पाग टाकताना मी पाय पान्यात ठेवीत नाय.’’

ही गोड्या पाण्यातली मगर. भारतातल्या नद्यांत, तळ्यांत, धरणांत राहणारी. ओडिशातल्या भितरकनिकाची ती खाऱ्या पाण्यातली प्रचंड मगर वेगळी. आपली मगर थोडा खारटपणा सोसते, पण तिची ओढ गोड्याकडे. मासे, खेकडे, बगळे, काठावर आलेलं कुत्रं, जे मिळेल ते खाते. नाही मिळालं तर आठवडेच्या आठवडे काढते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पहिल्या परिशिष्टात जागा दिली, कातड्यासाठीची शिकार थांबली, आणि सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी या तीन नद्यांत ती पुन्हा ठळक दिसू लागली. खेडच्या जगबुडीच्या पुलावरून वाकून मगरी बघणं हा तर महामार्गावरच्या प्रवाशांचा ठरलेला विरंगुळा होता. वाशिष्ठीत आता ‘क्रोकोडाइल सफारी’ आहे. लाईफ जॅकेट, ताडपत्रीची सावली, वर चहा. ऑक्टोबर ते मे हंगाम. पर्यटकाला तासा-दीड तासात चारपाच मगरी दिसतात, कधी दहाबाराही, आणि परतताना तो म्हणतो, काय स्वच्छ, काय जिवंत नदी आहे!

इथे माझं आणि त्या पर्यटकाचं पटत नाही. मगर दिसते म्हणजे नदी निरोगी आहे, हे वाक्य वाघाच्या जंगलातून उचलून इथे आणलेलं आहे. वाघ असला तर हरणं असणार, हरणं असली तर गवत असणार, हा हिशेब तिथे चालतो. मगरीला तो लावता येत नाही. गढूळ पाण्यात, कमी प्राणवायूच्या पाण्यात ती जगते, कारण ती श्वास हवेतून घेते. माशाचे कल्ले ज्या पाण्यात झडतात त्या पाण्यातून ती निवांत पोहत जाते. उलट, बारमाही गोडं पाणी, गाळाने तयार झालेल्या मळया आणि बेटं, काठाला आलेली भटकी कुत्री नि कोंबड्यांचा कचरा, हे सगळं तिच्या पथ्यावर पडणारं आहे. कोयनेच्या पाण्याने मगरीला हात दिला, हा माझा कयास आहे. पण वरच्या अंगाला मगर आणि खालच्या अंगाला कालवं ही आजची मांडणी पाहिली, की तो सोडवत नाही. सफारीच्या होडीतून आपण बघतो ती नदी कोलमडत असताना तग धरून राहिलेली असामी.

मला स्वतःला मगरीपेक्षा निवट्यांनी जास्त गुंतवलं. ओहोटीला चिखल उघडा पडला की हे बोटभर मासे बाहेर येतात, दोन परांवर रांगतात, डोळे डोक्यावर काढून एकमेकांवर धावून जातात, पाठीवरचं शीड उभारून भांडतात. चिखल ओला असेतो त्यांना पाण्याची गरज नसते. एका दुपारी कांदळाच्या मुळाशी बसून त्यांची हद्दीची भांडणं बघताना भरती कधी पायाशी आली ते कळलं नाही; चप्पल एक गेली ती गेलीच. निवटे हे चिखलाच्या तब्येतीचे जामीन. ते चिखलातच बीळ करतात, चिखलावरचं शेवाळ आणि किडे खातात, म्हणून चिखलात जे मुरतं ते आधी त्यांच्या अंगात जातं. काही मळयांवर ते शेकड्यांनी आहेत. आणि काही मळयांवर, ज्यांच्या दिशेने लोट्याकडचं पाणी येतं तिथे, मी बसून राहिले आणि फक्त खेकड्यांची रिकामी बिळं मोजली.

लोटे-परशुराम ही चिपळूण-खेडच्या मधली रासायनिक उद्योगांची वसाहत. पठारावर आहे, महामार्गाला लागून. पठारावरचं पाणी दोन्ही बाजूंनी शेवटी खाडीतच उतरतं. सांडपाणी सामाईक केंद्रात शुद्ध करून नळाने करंबवण्याच्या खाडीत सोडायचं, अशी व्यवस्था कागदावर आहे. पण पाईप फुटतात, पावसाळ्यात वहाळांना रंग येतो, कोतवली-सोनगावच्या बाजूला लोक वर्षानुवर्षं बाटल्यांत पाणी भरून तक्रारी करतात. मग एखाद्या सकाळी खाडीत मासे पालथे पडलेले दिसतात. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर फोटो येतो, सरकारी माणसं येऊन नमुने नेतात. नमुन्यांचा अहवाल येईपर्यंत खाडीतून कितीतरी भरत्या येऊन गेलेल्या असतात आणि पाणी नमुनेदार स्वच्छ झालेलं असतं. पुरावा रोज दोनदा धुतला जातो, ही खाडीच्या खटल्यातली मूळ अडचण.

तात्यांच्या घरात या सगळ्याचा निकाल वेगळ्याच पद्धतीने लागलेला आहे. थोरला मुलगा लोट्यात कंत्राटावर जातो. धाकटा सफारीच्या होडीवर आहे. तात्या अजून पाग घेऊन निघतात. जेवायला बसलो तेव्हा ताटात बांगडा होता, हर्णैकडून बर्फात आलेला. सुनेने वाढता वाढता सांगितलं, ‘‘खाडीचं मासं मिळालं तर इकतो आमी. त्याला भाव हाय. खायला ह्येच.’’ खाडीच्या माशाला भाव आहे तो तो कमी झाला म्हणून, आणि ज्याला परवडतो तो चिपळूणच्या बाजारात ‘खाडीचा ना?’ असं दोनदा विचारून घेतो. लोट्याचं नाव मात्र त्या ताटाभोवती कुणी चढ्या आवाजात घेतलं नाही. थोरला घरात होता.

पोटाशी बांधलेल्या या गाठी बाहेरून आलेल्याला सोडवता येत नाहीत आणि सोडवल्याचा आव आणू नये. कारखाना बंद करा म्हणणं मला सोपं आहे, मी उद्या मुंबईला परतणार. पण कारखाना चालू राहणं आणि नळातून कच्चं पाणी येणं या दोन गोष्टी एकच आहेत, असं जे भासवलं जातं ते खोटं आहे. शुद्धीकरणाला पैसे लागतात. ते न खर्चता वाचतात. तो वाचलेला पैसा खाडीतून वसूल होतो, आणि खाडी पावती देत नाही.

आता तिसरी बाजू, तळाची. दाभोळ एके काळी केवढं बंदर होतं! बहमनी काळात अरबस्तानाशी घोड्यांचा व्यापार करणारं, रशियन प्रवासी अफानासी निकितिन जिथून परतीच्या प्रवासाला निघाला ते, आणि पोर्तुगीजांच्या अल्मैदाने १५०८च्या अखेरीस जाळून काढलं ते. त्याच्या आतलं बंदर गोवळकोट. माल गलबतांतून तिथवर यायचा, कुंभार्ली घाट चढून देशावर जायचा. आज गोवळकोटच्या धक्क्यावर उभं राहिलं तर ओहोटीला समोर गाळाचे ढीग दिसतात. जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे आणि ते ट्रकने घाटावर जातं. उघड्या पडलेल्या उतारावरची तांबडी माती पावसाने खाली येते. परशुराम घाटात महामार्गासाठी डोंगर कापला, त्याचीही आली. वाळू काढण्याची जुनी हातपाटी होती तेव्हा माणूस बुडी मारून घमेल्याने वाळू वर आणायचा; सक्शन पंप आले आणि तळ खरवडला गेला. गाळ साठतो एकीकडे, खड्डे पडतात दुसरीकडे.

२२ जुलै २०२१ला हे सगळं चिपळुणात एका रात्रीत शिरलं. अतोनात पाऊस, वरून सुटलेलं पाणी, समोरून भरती, आणि मधे गाळाने उथळ झालेलं पात्र. बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढलं. कुणाचा दोष किती यावर अजून वाद आहेत. बांधकामाला बंधनं घालणाऱ्या निळ्या-लाल पूररेषांवरून शहरात आजही माणसं हातघाईवर येतात. पण त्या वर्षाच्या डिसेंबरात चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले ते मुख्यतः एका मागणीसाठी, गाळ काढा. आणि गाळ निघाला. सरकारी यंत्रं आली, नाम फाउंडेशन ही संस्था आली, नदीतली बेटं कापली गेली, लाखो घनमीटर माती काठावर आली. ज्याच्या दुकानात गळ्याइतका चिखल भरला होता त्याला त्या पोकलेनचा आवाज किती गोड वाटला असेल, याबद्दल मला शंका नाही.

फक्त ती बेटं कुणाची तरी होती. मगरीची मादी उन्हाळ्यात काठावरच्या कोरड्या मातीत खड्डा करून वीस-तीस अंडी घालते आणि पावसाच्या तोंडाला पिल्लं बाहेर येतात. अंड्यातून नर निघणार की मादी, हे मातीच्या उष्णतेवर ठरतं. गाळ काढायचा हंगामही नेमका तोच, कारण पावसात यंत्रं उतरत नाहीत. कापलेल्या बेटांवर आणि काठांवर किती घरटी होती याची नोंद कुठे नाही, कारण मगरी मोजायचं कंत्राट गाळ काढायच्या कंत्राटात नव्हतं. २०२४च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला चिपळुणात भर रस्त्यावर, रिक्षाच्या दिव्यांच्या उजेडात, सातआठ फुटी मगर चालत गेली तो व्हिडिओ देशभर फिरला. लोक म्हणाले, मगर शहरात घुसली. चिपळूणचा नकाशा आणि नदीचा जुना नकाशा एकावर एक ठेवून बघा. कोण कुठे घुसलं ते मग ठरवू.

चिपळूण हे निसर्गाबाबत अडाणी गाव नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. १९९२पासून इथे भाऊ काटदरे आणि त्यांची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था काम करते. वेळासच्या किनाऱ्यावरच्या समुद्री कासवांच्या संरक्षणाचं काम २००२ साली यांनीच सुरू केलं. त्याच्या आधी समुद्री गरुडाची घरटी शोधत ही मंडळी किनाराभर हिंडली होती. त्या गरुडाला इकडे ककण म्हणतात. दाभोळच्या अंगाला एका जुन्या आंब्यावर मी त्याचं घरटं पाहिलं, सुक्या काटक्यांचा एवढा ढीग की खाली उभं राहिल्यावर आकाश झाकावं. झाडाखाली माशांचे काटे आणि समुद्री सापांचे मणके पडले होते. नर आला तो पायात काहीतरी लोंबतं घेऊन, आणि मादी घरट्यातून बदकासारखी केकाटली. एवढ्या राजस पक्ष्याचा आवाज इतका बाजारी असावा, याचं मला अजून वाईट वाटतं.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीवरून डॉल्फिन दिसतात तेही याच मुखाशी. कुबडाचे, करड्या पाठीचे, किनाऱ्याला आणि खाडीच्या तोंडाला धरून राहणारे. फेरीतले लोक मोबाईल काढेपर्यंत ते गेलेले असतात. खलाशी त्यांना गादा म्हणतात आणि फारसं कौतुक करत नाहीत, कारण गादा जाळ्यातला मासा ओढतो. डॉल्फिन मुखाशी येतो तो बोयांच्या मागे, आणि बोय येतात खाडीतून. वर करंबवण्याला जे होतं त्याचा हिशेब इथे, समुद्राच्या दारात, चुकता होतो. मी त्या दुपारी दोनदा फेरीने आरपार केलं. एकदाच दोन पाठी दिसल्या. तेवढ्यावर काही अनुमान काढता येत नाही. कुठलाही प्राणी न दिसण्यावरून अनुमान काढणं हा हौशी लोकांचा जुना रोग आहे. खाडी मोजायची असेल तर तात्यांसारख्यांच्या जाळ्यात वर्षानुवर्षं काय आलं ते लिहून ठेवायला हवं होतं. समुद्रातली मासळी बंदरावर उतरते, तिची नोंद होते. खाडीतली मासळी पाटीतून थेट दारोदार जाते. ती वहीत कुठे आलीच नाही, मग ती कमी झाली हे तरी कुठल्या वहीतून सिद्ध करणार? भरपाईचा अर्ज करायला गेलं की हाच प्रश्न समोर येतो. किती मासा मिळत होता, कागद दाखवा.

शेवटच्या खेपेला तात्यांना विचारलं, गाळाच्या, पुराच्या, प्रदूषणाच्या एवढ्या बैठका झाल्या. तुम्हाला कधी बोलावलं? ‘‘आमाला कोन बोलवतंय?’’ मग बोलावलं असतं तर काय सांगितलं असतंत? मला वाटलं होतं ते हात झटकतील. पण त्यांचं तयार होतं, जणू कितीतरी दिवस कुणी विचारायची वाट बघत होते. एक, लायटीचं पाणी सोडायच्या आधी धक्क्यावर वेळ लिहा. एसटीची लिहिता, तशी. दोन, फागुन ते जेठ बेटाला यंत्र लावू नका, लावायचं तर आधी आम्हाला घेऊन फिरा, मगरीनं कुठं उकरलंय ते आम्हाला दिसतं. आणि तीन, हे त्यांनी वल्हं खाली ठेवून सांगितलं. लोट्याच्या नळाचं पाणी सोडायचंच असेल तर भांगाला सोडू नका. अष्टमी-नवमीला पाण्याला जोर नसतो, घाण वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते, आठवडाभर इथेच घोळत राहते. सोडायचंच तर उधाणाला सोडा, अमावास्या-पुनवेला, तेही ओहोटी लागल्यावर. ‘‘तसं पन नकोच,’’ म्हणाले, ‘‘पन एवढं तरी.’’